एका मालकाची गाडी

सासूबाईंच्या गुडघ्यांना उंच पायरी सोसत नाही
म्हणून रुंद दाराची, सोफ्यासारख्या सीटची,
मागे तिघं ऐसपैस बसतील अशी गाडी
कुपवाडच्या भूपाल चौगुल्यांकडून घेतली.
एकाच मालकाची, म्हणाले ते.
मालक बँकेतले. गाडी फक्त देवाला आणि लग्नाला.
मी सीट दाबून बघितली,
दुकानात गादी दाबून बघावी तशी.
बाकीचं दाबून बघायची सोय नसते.

पहिल्या महिन्यात नुसती काच.
डाव्या दाराची, अर्ध्यावर येऊन थांबायची,
सांगितलेलं ऐकावं की नको अशा विचारात.
मग एसी. पुष्पराज चौकापर्यंत गार,
विश्रामबागेपासून कोमट फुंकर.
मग चाकातून घुमणं, साठच्या वर गेलं की सुरू.
नवरा म्हणाला टायर, दीर म्हणाला बेअरिंग,
सासूबाई म्हणाल्या, कुणीतरी गुणगुणतंय, असू दे.

जोतिबाच्या चढाला काटा लाल रेघेला टेकला.
बॉनेट उघडून पाऊण तास कडेला उभे राहिलो,
मग प्यायच्या बाटल्या रेडिएटरला पाजल्या
आणि तहानलेले वर पोचलो.
दर पगाराला एकेक अवयव :
क्लच प्लेट, फॅनची मोटर, अल्टरनेटरचा पट्टा.

शंभर फुटीवर दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकत राहिले बराच वेळ.
"बुश गेल्यात. माउंटिंग बी. ते काय न्हाई,
वय झालं की सगळ्यांचंच जातंय.
पण ही वायर बगा. तांब्यावर हिरवं चढलंय.
हे वयाचं न्हाई, मॅडम."

मागची सीट काढली. कार्पेट उचललं.
सीटच्या पट्टीखाली बोट घालून
ते माझ्यापुढे धरलं :
काळपट, वाळलेला, पिठासारखा मऊ गाळ.
"नदी हाय ही.
स्टेअरिंगपतुर बुडालेली गाडी. धुतलीया झकास.
पण फटीत ऱ्हाती ती."

मी तिथूनच चौगुल्यांना फोन लावला.
तोंडात शिव्या ओळीने उभ्या होत्या.
"बोला ताई, काय म्हणते गाडी?"

आणि मला बदामी रंग दिसला.
गावभागातलं आमचं खालचं घर,
भिंतीवर छातीएवढ्या उंचीची रेघ,
तिच्यावर पुट्टीचे दोन हात, मग बदामी.
भाड्याने घ्यायला आलेले मास्तर जतचे,
टँकरच्या गावचे, कवडे आडनावाचे.
खिडकीतून बाहेर बघत त्यांनी विचारलं होतं,
"इथं पाणी येतं का हो?"
"कोपऱ्यापर्यंत येतं," मी म्हटलं होतं.
येतंच ते कोपऱ्यापर्यंत.
तिथं थांबतं, असं मी म्हटलं नव्हतं.

"ताई? हॅलो?"
"बरी आहे," मी म्हणाले.
"काचेचं थोडं काम निघालंय."

दस्तगीरभाई हात पुसत होते,
माझ्याकडे बघत नव्हते.
"सगळं वायरिंग बदलू, का चालतंय तवर चालवायचं?"
"किती चालेल?"
"जूनपतुर चालंल."
मास्तरांचा करार अकरा महिन्यांचा.
मी पदराआड बोटं मोजली.

संध्याकाळी गावभागात गेले,
का गेले ते गल्लीत वळेपर्यंत ठरलं नव्हतं.
घुमणं नव्हतं, गल्लीत साठ कोण चालवतं.
मास्तर दारातच. त्यांची पोर
बॉनेटवरच्या धुळीत स्वतःचं नाव काढत होती.
भिंतीला टेकून पुस्तकांची खोकी, अगदी खाली, फरशीवर.

"झकास आहे गाडी. नवी?"

बोलायला म्हणून मी काचेचं बटण दाबलं.
काच निघाली,
अर्ध्यावर आली.