एकच स्पेलिंग

ग्रिम्स्बीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर गुरुवारी सहाला विल्फ ब्लँचर्ड येतो,
बाहीत गोदीवरचा वारा अजून अडकलेला.
वय चौऱ्याहत्तर. भाषा त्याची,
शिकवणारी मी.
पहिल्या दिवशी यावर तो हसला होता,
मग खोकला,
मग पेन्सिल धरली, निसटत्या माशासारखी घट्ट.

आज काळ. आत्ताचा आणि गेलेला.
मी सांगते : लाय म्हणजे आडवं होणं.
तेच काल झालेलं असेल तर ले.
पण ले म्हणजे ठेवणंसुद्धा, आज, आत्ता;
आणि काल ठेवलेलं असेल तर लेइड.
तो बराच वेळ फळ्याकडे बघतो.
"म्हणजे एकाचा काल तोच दुसऱ्याचा आज?"
हो.
"बंकसारखं मग. पाळी संपली की मी उठायचो
आणि डेनिस त्याच गादीत शिरायचा,
माझी ऊब असायची तीत."
असं कुठल्याच व्याकरणात नाही. मी लिहून घेते.

वहीत त्यानं लिहिलंय : कप्तानानं आम्हाला बर्फातून बाहेर नेलं.
नेलं बरोबर, पण आजचं स्पेलिंग, मधला ए तसाच.
तो काढा, विल्फ. ठेवलात आणि लेड वाचलंत,
तर त्याचं शिसं होतं.
"जाळ्याच्या काठाला असतं ते?"
तेच. ऐकायला सारखं, पण खाली जातं.
तो रबर घेतो, ए पुसतो,
कागदावर फुंकर घालतो.

कट सोपं आहे, म्हणते मी,
कट आजही कट, कालही कटच.
तो डावा हात टेबलावर ठेवतो. साडेतीन बोटं.
"हे ठाऊक होतं," म्हणतो.

मग रीड.
लिहिताना एकच. तोंडानं मात्र आज रीड,
काल रेड, लाल रंगासारखं.
"कागदावर कळायचं कसं?"
शेजारी बघायचं. काल आहे का, रोज आहे का.
"आणि शेजारी कुणीच नसेल?"
माझ्याकडे उत्तर नाही.
तोच म्हणतो, "मग भोंगा वाजवायचा आणि थांबायचं.
धुक्यात असंच करतात."

खिशातून तो पाकीट काढतो, न्यूझीलंडचं तिकीट.
डोरीन होती तोवर मुलीची पत्रं तीच मोठ्यानं म्हणायची.
डोरीननंतरचं हे पहिलं.
चहाच्या डब्यात अकरा वर्षं.
मी किटली भरायला जाते, मुद्दाम हळू.
परत येते तेव्हा बोट तिसऱ्या ओळीवर,
ओठ हलतायत.
चाळीस मिनिटं. चहाचं पाणी होतं.

शेवटी तो पोस्टकार्ड मागतो, त्यावर चार शब्द :
आय रीड युअर लेटर.
किंवा रेड.
काल नाही, रोज नाही, शेजारी कुणीच नाही.
माझी पेन्सिल आपोआप पुढे होते,
मग मी ती कानामागे खोचते.
तिकडे टिमारूला जॅनिस ठरवेल,
बापानं ते एकदा, उशिरा, संपवलं
की रोज रात्री उघडून बसतो.

घरी आल्यावर आईला फोन.
दिवसभर इंग्रजीत घोळलेली जीभ, एक नं गिळला जातो.
म्हणते : आई, आज विल्फ वाचला.
पलीकडे क्षणभर शांतता.
"अगोबाई! काय झालं होतं त्याला?"