सातवा दिवा

रेइयोने सात आणले होते, सेलमधून,
मे महिन्यात, बर्फ नुकता हटला तेव्हा.
रासबेरीच्या रांगेत एकेक खुपसत म्हणाला,
"आउने, बघच आता रात्री."

पण औलूत जूनला रात्र असते कुठे?
बारा वाजताही आभाळ दुधी,
दिवे आपले ऊन पीत उभे, पेटायचं नाव नाही.
शेजारचा टाउनो कुंपणावर रेलून हसला,
"आणि डिसेंबरात ऊनच नाही! बुडाले की रे पैसे."
रेइयोही हसला.
जुलैत तो गेला.

ऑगस्टच्या अखेरीला
दोरीवरच्या चादरी काढताना
पायाशी काहीतरी उजळलं.
मग पलीकडे. मग पाण्याच्या पिंपाजवळ.
सहा.

सातवा अंधारातच.
चादर खांद्यावर टाकून ती वाकली, चाचपून पाहिलं,
तर खालच्या खाचेत प्लास्टिकची पट्टी तशीच,
काढायची राहिलेली.
"धांदरट मेला,"
ती म्हणाली, आणि जीभ चावली.

नखांत पट्टीचं टोक धरून
बसून राहिली बराच वेळ,
गुडघ्यांना दव लागेपर्यंत.

मग ओढली.