तीस नावांचं चाक

फुकटच्या चाकात तीसच नावं मावतात.
एकतिसावं घालायला गेलं की खाली पट्टी येते :
महिन्याला चार पौंड.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे मी कऱ्हाडहून शिकून आलेय,
पण ही गाय स्वतःच तोंड उघडून दाखवते.

ग्रिम्सबी. नववीचा वर्ग, सोमवार, दुसरा तास.
खिडकीवर सीगलची शिट,
रेडिएटर हाताला कोमट, पायाला बंद.
मी चाक फिरवते,
कारण मी नाव घेतलं की पोरं म्हणतात, मिस, नेहमी मलाच.
चाकाला तसं कोणी म्हणत नाही.
टकटकत येतं, मंद होतं, थांबतं,
आणि ज्याच्यावर थांबतं तो कपाळाला हात लावून उठतो.

शेजारी जाहिरात : काल रात्री मी बघून ठेवलेले बूट,
तपकिरी, साइज पाच,
अख्ख्या वर्गासमोर, फळ्याएवढे.
‘घेऊन टाका मिस,’ बेथनी म्हणते, ‘आत्ताचे भयंकर आहेत.’

खालच्या ओळीत माझं बोलणं उमटत जातं,
तेही फुकट, नव्वद भाषांत.
मी म्हणते व्हेक्टर. ते लिहितं व्हिक्टर.
कोण व्हिक्टर, मिस?
तेव्हापासून व्हिक्टर आमच्या वर्गात आहे.
त्याला लांबी आहे, दिशा आहे,
हजेरीत नाव तेवढं नाही.

कीरनचं उलटं.
ऑक्टोबरात कीरन हलला.
म्हणजे हंबर ओलांडून हल नावाच्या गावाला गेला,
वर्षातलं तिसरं घर, तिसरे पालक.
हजेरीतनं गेला, चाकात राहिला :
एक पाचर, फिकी जांभळी.
पुसायला एक क्लिक पुरतं.
वेळच होत नाही बघ, असं मी मॉरीनला सांगते
आणि मॉरीन, तीस वर्षं याच शाळेत मदतनीस,
चहात बिस्कीट बुडवून ठेवते, बोलत नाही.

चाक त्याच्यावर आलं की वर्ग एका सुरात म्हणतो : पास!
तो तसंच म्हणायचा.
अपूर्णांक विचारा, आज वार कोणता विचारा,
डोकं बाकावर, हूड पुढे ओढलेला : पास.
म्हणजे, पुढे जा. मला सोडा.

आज सेनाइत आली.
फायलीत दोन ओळी. भाषा : तिग्रिन्या. मागची शाळा : रिकामी चौकट.
एकतिसावी.
मी जांभळ्या पाचरीवर बाण नेला
आणि वर्ग गप्प झाला, जो अग्निशमनाच्या भोंग्यालाही होत नाही.
डोमिनिकस म्हणाला,
‘स्वल्पविराम द्या ना, मिस. चाकाला काय कळतंय.’

कीरन, सेनाइत.
मावलं. पट्टी आली नाही.

आणि थांबावं तर पहिल्याच फेरीला तिथंच थांबलं.
पास! वर्ग ओरडला.
खाली ते तिच्या लिपीत उमटलं,
पाय फुटलेल्या, हात उगारलेल्या अक्षरांत,
मला त्यातलं एकही येत नाही.
तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
वहीत पडद्यावरून कीरनचं नाव उतरवून घेतलं,
त्याच्यापुढे बरोबरची खूण केली
आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या :
तो पास झाला?

चुकीचा अर्थ उचलला होता यंत्रानं.
दुरुस्त करायला कोपऱ्यात पेन्सिल असते, तीही फुकट.
पण कऱ्हाडला पास म्हणजे पेढे,
पास म्हणजे वडील सायकलवरून उतरायच्या आधीच
गल्लीला कळलेलं.
मी मान हलवली.
आपल्याकडची. हो की नाही ते इथं कुणाला कळत नाही.

सेनाइतला कळली.

तेवढ्यात पडद्यावरचं घड्याळ संपलं.
ते संपलं की कोंबडा आरवतो.
दुसरा आवाज पैसे भरून मिळतो.