तीस दिवसांपर्यंत

मगदूम अण्णांना यादी मी मोठ्या अक्षरांत छापून देते,
बाराचा नव्हे, अठराचा फाँट.
व्हिसा लागत नाही म्हणजे
काहीच लागत नाही, असं नाही अण्णा.

ते भिंतीवरच्या नकाशाशी नाक नेतात.
देश हळकुंडाएवढा, मधे जरा वाकलेला,
एका टोकाला समुद्र.
"राजापुरी का सेलम?" स्वतःशीच विचारतात.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात सौदे काढलेला माणूस,
देशसुद्धा मोडून बघेल, आतून किती पिवळा.

पासपोर्ट: परत आल्यावरही तीन महिने जिवंत हवा.
कोरी पानं, दोन तरी.
परतीचं तिकीट. ते वर ठेवा,
त्यांनी मागायच्या आधी हातात दिसलं पाहिजे.
कुणाकडे उतरणार त्याचा पत्ता, त्यांच्या सहीनं.
दिवसाला अमुक युरो, जितके दिवस तितके,
म्हणजे तुम्ही कुणाच्या ताटात बसणार नाही याची खात्री.
विमा.
काम करायचं नाही.
तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी
माणूस तोच असतो, अण्णा, नजर बदलते.

"आणि कशाला आलात विचारलं तर?"
सुनंदाकाकू चष्मा पुसतात.
फिरायला, म्हणायचं. बास.
खरं असलं तरी लांबण लावायची नाही.
जास्त सांगितलं की लोकांना वास येतो.

हे मी कुठं शिकले ते काकू विचारत नाहीत.

साडेसातला शटर. विश्रामबागेतून माधवनगर,
स्कूटीच्या डिकीत डबा आणि दुसऱ्यांच्या झेरॉक्स.

मला कुणी यादी दिली नव्हती.
आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला,
तोच शिक्का.
एकच बॅग पाहून बाबा म्हणाले,
"बरं केलंस, चार दिवस निवांत राहा."
पहिल्या आठवड्यात कृष्णाकाठची भरली वांगी,
दुसऱ्यात नुसती वांगी.
दहाव्या दिवशी शेजारच्या कोष्टी मावशी आल्या,
हातात साखरेसाठी वाटी,
"कधी जाणार गं?"
किती मऊ आवाज. काचेमागचा कुठला अधिकारी
इतकं मऊ विचारत असेल?
विसाव्या दिवशी वहिनीनं कपाटातला एक कप्पा रिकामा केला.
एक. खालचा.
तिसाव्या दिवशी काहीच झालं नाही.
एकतिसाव्यालाही. फक्त आईनं
ओट्यावरून माझा कप उचलून
पाहुण्यांच्या कपांतून घरच्यांच्या कपांत ठेवला,
आणि मला कळेना
हे वर जाणं की खाली.

आज दोनशे अकरावा दिवस.
गॅस माझ्या पगारातून, बाबांच्या बीपीच्या गोळ्याही.
काम करायचं नाही, हा नियम आमच्याकडे उलटा आहे.
माझा स्वतःचा पासपोर्ट लग्नाच्या वर्षी काढलेला,
शेवटच्या पानावर त्याचं नाव, त्याचा पत्ता,
बाकीची सगळी पानं कोरी,
डांबराच्या गोळीचा वास लागलेली.

दुपारी काकूंचा फोन आला, तिकडे सकाळ.
मागं कुठली तरी घंटा वाजत होती.
"अगं, कायच विचारलं नाही बघ!
ह्यांनी तिकीट काढून धरलं होतं छातीशी,
त्या पोरीनं बघितलंसुद्धा नाही.
ठप्पा मारला न् हसली."
मी म्हटलं, छान.
मग पुढच्या गिऱ्हाइकाला फोटोचं माप सांगितलं,
पस्तीस बाय पंचेचाळीस, कान दिसले पाहिजेत.

संध्याकाळी कोष्टी मावशी, वाटी.
"कधी जाणार गं?"
"कुठं?" मी विचारलं.
टोमणा नव्हता. खरंच विचारलं.
मावशींनी तोंड उघडलं,
आणि त्यांना पटकन
गावाचं नाव आठवेना.

मी वाटी घेतली,
शीग लावून साखर दिली.