शी

उदगीरला, भुसार दुकानाच्या माडीवर,
सव्वासातचा इंग्लिशचा क्लास.
मुजावर सर फळ्यावर खडू आपटतात:
खायची वस्तू म्हणजे इट.
भाकरी? इट. ठेचा? इट.
पिठलं तर जन्मापासूनच ते,
त्याला काही फरक पडला नाही.

माझा पेन अडला.
तव्यावर टम्म फुगते ती,
जिभेला झोंबतो तो,
दोघांना एकाच दावणीला?

धपाटे चार असले की दे.
(मला वाटलं, सर मागायलेत.)
भात मात्र पातेलंभर असला तरी इट,
शितं मोजायची नसतात म्हणे.

मागच्या बाकावरून आवाज आला,
"अन् सुशीला, सर?"
बसस्टँडवर मुरमुऱ्याची सुशीला विकणारी
सुशीला गुट्टे.
सर थबकले.
"तुम्ही शी. कढईतली इट."
सगळा क्लास हसला. ती नाही.
"चारला उठून मी तिला फोडणी देते," म्हणाली,
"ती माझं घर चालवते.
तिला इट कसं म्हणू?"

रात्री घरी भाकरी फुगली
तशी मी मोठ्यानं म्हटलं, "शी इज रेडी."
सासरे ताटावरून चमकून बघायले:
"अन्नाला शी म्हणू नये, पोरी."