माया

हळर्णकर मास्तरांकडून पृथ्वीचा गोल
मी दोन दिवसांसाठी मागून आणला.
बदल्यात त्यांच्या दोन पायजम्यांच्या नेफ्या फुकट.

आधी कॅलेंडरमागच्या नकाशावर दोरा लावला होता,
पेडणे ते लंडन, ताणून, सरळ.
गोलावर टेप धरली तर ती त्या वाटेने जाईचना,
आपसूक वर सरकली,
कास्पियन समुद्रावरून, थंड देशांच्या पाठीवरून.
मला नवल वाटलं नाही.
कागदावरचं माप अंगाला बसत नाही
हे चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेय.
पोट असलं की कापड वळसा घेतं.
पृथ्वीला पोट आहे.

सात इंच.
मास्तर म्हणाले, साडेसात हजार किलोमीटर.
मी म्हटलं, तीन वर्षांच्या पोरीची
कोपरापर्यंतची बाही.

तिकिटांच्या दुकानातला आग्नेल सांगतो,
थेट मिळालं तर दहा तास,
दोहाला उतरलं तर सोळा-सतरा.
जाताना वारा समोरून, म्हणून वेळ जास्त,
येताना तोच मागून ढकलतो.
म्हणजे येणं सोपं.
हे मी वैजूला फोनवर सांगितलं.
ती हसली. म्हणाली,
आई, वारा रजा मंजूर करत नाही.

दहा तासांत माझे दोन फ्रॉक होतात,
झालर असली तर दीडच.
मोपाच्या सड्यावर, जिथे आम्ही काजूच्या बिया वेचायचो,
तिथून रात्री विमान उठतं
आणि बॉबिनची डबी टेबलावर किंचित वाजते.
मी पाय थांबवत नाही.

नातीचं माप येतं सेंटिमीटरमध्ये.
मी इंच करते. तोवर ती वाढते.
कापते, तोवर वाढते.
पार्सल कुठल्याशा गोदामात पडून असतं
तेव्हाही वाढतच असते.
म्हणून शिवणीत माया ठेवायची.
सगळे अर्धा इंच ठेवतात, मी सव्वा,
खाली घेरात तीन.
आखूड झालं की उसवायचं, सोडायचं,
पुन्हा एक टीप मारायची. झालं.

परवा फोटो आला.
निळा फ्रॉक, गुडघ्यांच्या पार वर.
उसवला नाहीस गं?
इथे कोण उसवतं, आई. नवा घेते.
आणि रागावू नकोस,
आत जाड लागतं म्हणते ती. टोचतं.

मी बराच वेळ
कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळत बसले.
मग म्हटलं, टोचत असेल.
गिऱ्हाईक बोललं तर ऐकावं.

आज पिवळं मलमल काढलंय.
आतून मऊ अस्तर लावीन.
माया कमी करणार नाही.

गोल संध्याकाळी परत द्यायचाय.
देण्याआधी पुन्हा एकदा टेप धरली.
सात इंच, एक सूत.

काल ते सूत नव्हतं.