हिरव्या अक्षरांत उघडं

वसुबारसेच्या आदल्या रात्री
टिपणिसांच्या दुकानाची दिवाळी मी भरून ठेवली,
सहा सण, एका बैठकीत,
फराळाचे डबे भरावेत तशी.
गायवासरू. पणत्या. पाडव्याचं तबक.
भाऊबीजेला दोन हात आणि एक निरांजन,
सकाळी सातला आपोआप उमलणारं.
खाली नौपाड्याचा पत्ता
आणि मीच सुचवलेली ओळ :
तुम्ही बोला, आम्ही ऐकतोय.

दुकान श्रवणयंत्रांचं.
ओळ टिपणिसांना इतकी आवडली
की तिचे त्यांनी दोनशे रुपये वेगळे दिले.

लक्ष्मीपूजन उरकून ते गुहागरला गेले,
किल्ली घेऊन.
मी कळव्यात, घरून.
जाहिरात थांबवली, क्लिकमागे अकरा रुपये जातात.
आपोआप जाणारं उत्तर लावलं :
नमस्कार. दुकान रविवारपर्यंत बंद आहे.
आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.

एक राहिलं.
नकाशावरच्या दुकानाला सुट्टी द्यायची राहिली.
तिथे ते चारही दिवस
हिरव्या अक्षरांत उघडं होतं.

पाडव्याला भर दुपारी
चेंदणी कोळीवाड्यातून दिगंबर वैती चालत आले.
वय एक्क्याऐंशी.
शटरचा फोटो पाठवला, त्यात अर्धा त्यांचा अंगठा.
खाली लिहिलं :
"बॅटरी संपली. उद्या भाऊबीज. बहीण हळू बोलते."

नमस्कार. दुकान रविवारपर्यंत बंद आहे.

"बरं. पण नकाशात उघडं दिसतंय."

नमस्कार. दुकान रविवारपर्यंत बंद आहे.

"हो, ते समजलं. तुम्हालाही शुभेच्छा."

नमस्कार.

"नमस्कार."

चौदा मिनिटं चाललं हे.
ते पायरीवर बसून असावेत,
कारण मध्येच समोरच्या रसवंतीचाही एक फोटो आहे,
का पाठवला ते कळत नाही.
त्यालाही उत्तर गेलं. मोलाचा आहे म्हणून.

मी पाहिलं तेव्हा साडेसात वाजलेले,
हात चकलीच्या पिठाचे.
फोन लावला. वाजत राहिला.
तिसऱ्यांदा लावताना लक्षात आलं, कुणाला लावतेय.
मग लिहिलं : काका, मी माणूस आहे.
पुसलं.
काका, हे मी लिहितेय, दुकान नाही.
ते पाठवलं.

स्टेशनरोडच्या औषधवाल्यांना एकेक करून विचारलं,
तीनशे बारा नंबर, तपकिरी स्टिकरची आहे का हो?
निळी आहे. नारिंगी आहे.
घड्याळाची आहे, ती चालेल?
नाही चालत.

माझ्या ओळीखालच्या खुणा राखाडीच राहिल्या.
बाहेर लडी वाजत होत्या,
बारा वाजून गेले तरी.
त्यांना तेवढी तरी शांत झोप लागली असेल,
असं मनाशी म्हणून घेतलं,
आणि म्हटल्याची लाजही वाटली.

सकाळी सातला निरांजन उमललं. वेळेवर.
तुम्ही बोला, आम्ही ऐकतोय.
एकशेनऊ जणांना आवडलं.
त्यात दिगंबर वैती.

शनिवारी दुपारी त्यांचा निरोप आला :
"राबाड्याला जाऊन आलो. येसू मोठ्याने बोलली.
सत्तर वर्षांत पहिल्यांदा.
खाडीकाठच्या तुकड्याचं कुणी काय केलं
ते अख्ख्या आळीला कळलं.
मलापण.
बॅटरी सोमवारी नेतो. घाई नाही."

नमस्कार, असं उत्तर गेलं.
ते बंद करायचंही राहिलं होतं.

आणि नकाशावर, दुकानाखाली,
पाच चांदण्या देऊन त्यांनी लिहिलं :
दुकान बंद होते. पायरीवर सावली आहे.

सोमवारी टिपणीस आले, उन्हाने रापलेले.
विचारलं, सुट्टीत काही विशेष?
म्हटलं, पोस्ट बऱ्याच लोकांपर्यंत पोचल्या.

होळीच्या सुट्टीची तारीख तेव्हाच टाकून दिली नकाशावर,
पाडव्याची पण, गुढीच्या.
ओळ मात्र काढून टाकलीय.
त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.
आलं, तर दोनशे परत मागतील का,
ते मी विचारलेलं नाही.